यंत्राची चाल आणि खेळाचा वेळ

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



आमच्या शाळेच्या संगणक-कक्षातील अडगळ गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत काढावयाची होती. मदतीला आठवीतील दोन मुले होती. कोपऱ्यात तीस वर्षांपूर्वीच्या एका यंत्राची पत्र्याची पेटी सापडली. तिच्या दर्शनी बाजूला दोन बटणे होती. एकावर 'रीसेट' आणि दुसऱ्यावर 'टर्बो' अशी अक्षरे. त्यांपैकी एका मुलाने धूळ पुसून ते दुसरे बटण दाबून पाहिले आणि विचारले, "टीचर, हे दाबले म्हणजे यंत्र जोरात पळत असे का?"

मी म्हटले, "बाळ, यंत्र जोरात पळण्यासाठी बटणाची गरज नव्हती. हे बटण होते ते त्याला सावकाश चालवता यावे म्हणून."

तो हसला. त्याला वाटले, टीचर थट्टा करीत आहेत. जास्त वेगासाठी जादा पैसे मोजून आणलेले यंत्र मुद्दाम मंद करण्याची सोय त्याच यंत्रावर कोणी कशाला करून ठेवील? प्रश्न रास्त होता, आणि त्याचे पुरते उत्तर देण्याइतका वेळ त्या दिवशी नव्हता. ते उत्तर आज आपणांपुढे मांडावे असे योजिले आहे. ते देताना मला थोडे घरचेही सांगावे लागेल, त्याबद्दल क्षमा असावी.

१९९३ च्या सुमारास बेळगावात माझ्या मामांचा टंकलेखनाचा वर्ग होता. टाइपरायटरांच्या रांगेच्या टोकाला त्यांनी एक संगणक आणून ठेवला होता. संध्याकाळी शेवटची तुकडी गेली की मामा हिशेबाची वही उघडून बसत, आणि मला व माझ्या थोरल्या भावाला तासभर त्या यंत्रापुढे बसण्याची मुभा मिळे. कोणीतरी दिलेल्या फ्लॉपीवर एक साहसखेळ होता. पडद्यावर चित्र, चित्रात एक लहानसा कथानायक. बाणांच्या कळांनी त्याला चालवायचे, आणि 'लुक', 'टेक', 'ओपन डोअर' अशा इंग्रजी आज्ञा टंकून त्याच्याकडून कामे करवून घ्यायची. माझे इंग्रजी शाळेत जेवढे झाले त्याहून अधिक त्या पडद्यासमोर झाले, हे मी आज शिक्षिका असूनही प्रांजळपणे सांगते.

त्या खेळात एक पूल होता आणि पुलावर एक रखवालदार. तो फेऱ्या घालीत असे. त्याची पाठ फिरली की कथानायकाला पुलाच्या टोकापर्यंत न्यावयाचे आणि फाटक उघडण्याची आज्ञा टंकावयाची. उशीर झाला की तुरुंग. ही वेळ साधणार कशी? आम्हां दोघांपैकी कोणाकडेही मनगटी घड्याळ नव्हते. परंतु घरी रोज रात्री रोझरी होत असल्यामुळे एक माप आमच्या तोंडी पक्के बसलेले होते. दादाने आमच्या नकाशांच्या वहीत लिहून ठेवले : 'रखवालदाराची पाठ – ३ नमो मारिया.' आजीला हे कळले तेव्हा ती रागावली. देवाची प्रार्थना म्हणजे काय घड्याळ आहे, असे तिचे म्हणणे. मामांनी मात्र आमची बाजू घेतली. युरोपात घरोघर घड्याळे नव्हती त्या काळी तेथील स्वयंपाकी 'एक पेटर नॉस्टर म्हणेपर्यंत उकळावे' अशीच मापे देत असत, हे त्यांनी कोठेतरी वाचले होते आणि ते खरेही आहे.

पूल आम्हांला काही साधला नाही. माझी बोटे कळफलकावर अडखळत. पुढे परीक्षा आल्या, मामांनी वर्ग बंद केला, आणि खेळ तेथेच राहिला.

१९९८ साली दादाने पहिल्या पगारातून पेंटियम प्रोसेसरचे नवे यंत्र घेतले. पहिल्याच रविवारी आम्ही ती फ्लॉपी त्यात घातली. खेळ उघडला, चित्रे तीच, रंग तेच. दादाने बाणाची कळ दाबली मात्र, आणि कथानायक पडद्याच्या या कडेला होता तो त्या कडेला दिसला. मध्ये चालल्याचे दिसलेच नाही. कसेबसे पुलापाशी पोचलो. रखवालदार भिंगरीसारखा फिरत होता. त्याची पाठ होई आणि जाई. 'नमो' हा शब्दसुद्धा पुरा होत नव्हता. मी 'ओ' हे एक अक्षर टंकले, तोवर आम्ही तुरुंगात.

आम्हांला वाटले, फ्लॉपी खराब झाली. मग वाटले, दादाने नक्कल करताना काही चुकविले. त्यावरून आमचे भांडणही झाले, आणि ते बरेच दिवस पुरले. दोष ना फ्लॉपीचा होता, ना दादाचा. त्या खेळाचे नाव मी सांगत नाही. कारण त्याच्या कर्त्यांनी जे केले तेच त्या काळी पुष्कळांनी केले होते, आणि ते तसे का केले हे समजून घेतल्यावर त्यांना दूषण देववत नाही.

ते असे. प्रत्येक संगणकाच्या पोटात एक स्फटिक असतो. तो ठराविक ठेक्याने कंप पावतो, आणि त्या ठेक्यावर यंत्राची सारी कामे चालतात. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यातील मूळ स्फटिक सेकंदाला १ कोटी ४३ लक्ष १८ हजारांवर ठोके देई. हा विचित्र आकडा आला कोठून? अमेरिकेतील रंगीत दूरचित्रवाणीला जो संकेत लागतो त्याची ही बरोबर चौपट आहे. यंत्र घरच्या दूरचित्रवाणी संचालाही जोडता यावे, म्हणून एकाच स्फटिकावर सर्व भागविले. त्याला तिनाने भागले की प्रोसेसरची गती निघते : ४.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सुमारे ४७ लक्ष ७० हजार ठोके. आजच्या साध्या यंत्राची गती ३ गिगाहर्ट्झ, म्हणजे ३०० कोटी ठोके, इतकी असते. शिवाय एकेका ठोक्यात ते पूर्वीच्या यंत्राहून कितीतरी अधिक काम उरकते.

आता खेळ लिहिणाऱ्याची अडचण पाहा. कथानायकाने एक पाऊल टाकले. दुसरे टाकण्यापूर्वी क्षणभर थांबावयाचे आहे. यंत्राला 'थांब' हे सांगावयाचे कसे? सर्वांत सोपी युक्ती अशी की त्याला एक निरर्थक काम द्यावे : दहा हजारांपासून शून्यापर्यंत उलटे मोज आणि मग पुढचे पाऊल टाक. आयबीएमच्या त्या पहिल्या यंत्रातील ८०८८ या प्रोसेसरला अशा मोजणीची एक फेरी करण्यास १७ ठोके लागत. दहा हजार फेऱ्यांना १ लक्ष ७० हजार ठोके. म्हणजे सेकंदाचा सुमारे अठ्ठाविसावा भाग. पाऊल टाकण्यास तेवढी उसंत पुरेशी झाली. आजचे यंत्र एक फेरी साधारण एका ठोक्यात पुरी करते आणि ठोकेही कितीतरी भराभर पडतात. हिशेब केला तर तीच मोजणी सुमारे दहा हजार पट लवकर संपते. उसंत उरतच नाही.

आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवीत असत. पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाला बारीक भोक पाडलेली वाटी सोडावयाची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली. आता समजा, कोणी त्या वाटीचे भोक मोठे केले. वाटी पळभरात बुडेल, भटजी 'सावधान' म्हणतील आणि वऱ्हाड अजून वेशीवरच असेल. वाटी खोटे बोलली काय? ती पूर्वी बुडत होती तशीच बुडाली. तिचे बुडणे आणि काळाचे जाणे यांची गाठ त्या भोकाच्या मापावर बांधलेली होती, एवढे मात्र सर्वजण विसरले होते. जुन्या खेळांतील निरर्थक मोजणी ही अशी वाटी होती. त्या खेळाला स्वतःचे घड्याळ नव्हते. यंत्राच्या मंदपणालाच तो काळ समजून चालला होता.

यावर कोणी म्हणेल, यंत्रात खरे घड्याळ नव्हते काय? होते. त्याच स्फटिकाच्या ठोक्यांना बाराने भागून चालणारी एक मोजणी-चकती त्या यंत्रात होती, आणि ती सेकंदाला १८.२ वेळा टिचकी वाजवी. पण दोन टिचक्यांमधील अंतर सुमारे ५५ मिलिसेकंद. त्याहून बारीक हालचाल हवी असेल तर चकतीची मांडणी बदलणे आले, आणि ते जिकिरीचे काम. त्यातून, त्या वेळी बाजारात जी यंत्रे होती ती बहुतेक एकाच गतीची. समोर एकच वाटी असताना तिच्या भोकाची चिंता कोण करील? १९८४ मध्ये आयबीएमनेच ६ मेगाहर्ट्झचे नवे यंत्र काढले, इतर कंपन्यांनी त्याहून वेगवान काढली, आणि पहिल्या यंत्रासाठी लिहिलेले कार्यक्रम त्यांवर सैरावैरा धावू लागले. तेव्हा यंत्र तयार करणाऱ्यांनीच ही तोड काढली : पेटीवर एक बटण द्यावे आणि ते फिरविताच यंत्राने आपली चाल जुन्या यंत्राच्या जवळपास आणावी. त्या बटणाला 'मंद' असे नाव दिले असते तर गिऱ्हाईक बिचकले असते. म्हणून नाव दिले 'टर्बो'. व्यापाऱ्यांच्या बुद्धीचे कौतुक करावे ते थोडेच. मामांच्या यंत्रावर हेच बटण होते, आणि आमचा खेळ चालू असताना मामा ते मंद बाजूला ठेवीत, हे मला फार उशिरा उमगले. दादाच्या नव्या यंत्रावर ते बटण नव्हतेच.

सर्वच साहसखेळांची अशी गत झाली नाही. या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे १९७० नंतरच्या दशकात विल क्राउदर यांनी अमेरिकेत लिहिलेला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी वाढविलेला 'ॲडव्हेंचर' हा गुहेचा खेळ. त्यात चित्र नाही, केवळ शब्द. यंत्र एक वर्णन देते आणि आपण आज्ञा टंकण्याची वाट पाहत स्वस्थ बसते. आपण उठून चहा घेऊन आलो तरी गुहेतील बुटका जागचा हलत नाही. तेथे वेळ खेळणाऱ्याच्या मालकीचा आहे. म्हणून तो खेळ कितीही वेगवान यंत्रावर चालवा, त्याच्या चालीत काही बिघडत नाही.

चित्र आले आणि चित्रात हालचाल आली, तेव्हा हा मालकीचा प्रश्न उभा राहिला. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील सिएरा कंपनीने रॉबर्टा विल्यम्स यांचा 'किंग्ज क्वेस्ट' प्रसिद्ध केला. या कंपनीच्या त्या काळच्या खेळांत एका सेकंदाचे वीस भाग धरून चाल ठरविण्याची सोय होती, आणि ती घड्याळाला बांधलेली होती. ते शहाणपणाचे झाले. पण त्याच खेळांपैकी काहींत 'फास्टेस्ट' अशीही एक आज्ञा होती. ती दिली की मधली उसंत शून्य, आणि यंत्र पळेल तितके पळू द्यावयाचे. तेव्हाच्या यंत्रावर ती बरीशी लगबग होती; आजच्या यंत्रावर ती वावटळ होते. उलटपक्षी १९८६ च्या 'किंग्ज क्वेस्ट'च्या तिसऱ्या भागात एक जादूगार घराबाहेर जातो आणि ठरलेल्या वेळी परततो. ती वेळ घड्याळावर चाले, आणि कथानायकाची पावले मात्र निवडलेल्या चालीवर. चाल वाढविली की पावले भराभर पडत, पण जादूगार आपल्याच वेळेला येई. खेळणाऱ्यांनी याचा लाभ उठविला नसता तरच नवल. ल्युकास कंपनीच्या 'मंकी आयलंड' वगैरे खेळांत सेकंदाचा साठावा भाग हे परिमाण धरलेले होते, म्हणून ते पुढे बऱ्याच अंशी सुखरूप राहिले.

पुढे सिएराच्या लोकांना कळून आले की यंत्रे तऱ्हेतऱ्हेची असणार. म्हणून त्यांनी खेळाच्या आरंभी यंत्राची परीक्षा घेण्याची प्रथा पाडली. खेळ उघडताच पडद्यावर एक चित्र हलवून पाहावयाचे, ठराविक वेळात ते किती वेळा हलले हे मोजावयाचे आणि त्यावरून यंत्र मंद, मध्यम की शीघ्र हे ठरवावयाचे. कल्पना चांगली होती. परंतु मीही परीक्षा घेणारी आहे. म्हणून मला त्यातील दोष लगेच दिसला. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने सर्वांत हुशार मुलगा किती गुण मिळवील याचा अंदाज आधीच बांधलेला असतो, आणि उत्तरपत्रिकेवरील चौकट तेवढ्याच आकड्यांची आखलेली असते. त्या काळच्या हिशेबात एका संख्येला बहुधा सोळा द्विमान अंकांची जागा असे. म्हणजे ६५,५३५ च्या पुढचा आकडा त्यात मावतच नाही. रिक्षाच्या जुन्या मीटरप्रमाणे तो फिरून शून्यावर येतो, किंवा यंत्र गोंधळून काम सोडून देते. 'टर्बो पास्कल' या भाषेत लिहिलेल्या असंख्य कार्यक्रमांचे असेच झाले. सुरुवातीलाच एका टिचकीच्या अवधीत किती मोजता येते हे पाहून त्या आकड्याला ५५ ने भागण्याची त्यांची रीत होती. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढे यंत्रे गेली, भागाकार चौकटीत मावेना, आणि कार्यक्रम उघडण्यापूर्वीच 'चूक क्रमांक २००' असे सांगून बंद पडू लागले. गंमत अशी की ही चूक 'शून्याने भागले' अशा नावाने घोषित होई. शून्याचा तेथे काही संबंध नव्हता. फार हुशार मुलाला नापास करून वर शेरा द्यावा 'अभ्यास केला नाही', त्यातलाच हा प्रकार.

याच परीक्षेचा आणखी एक मासला आहे. १९८९ मध्ये ॲल लो यांचा एक विनोदी खेळ निघाला; त्याचे नाव मी वर्गात घेणार नाही आणि येथेही घेत नाही. त्यात कथानायकाने व्यायामशाळेत जाऊन शरीर कमवावयाचे असते. वजने किती वेळा उचलावी लागतील हे यंत्राच्या गतीवरून ठरे, म्हणजे मंद यंत्रावर बसलेल्या गरिबाला फार वेळ तिष्ठावे लागू नये. हेतू दयाळू होता. परिणाम असा झाला की पुढच्या पिढीतील यंत्रांवर त्या बिचाऱ्याला हजारो जोर काढावे लागले, आणि कळफलकावर खेळणाऱ्याची बोटेच आधी कमावली गेली.

हे दुखणे केवळ त्या प्राचीन यंत्रांपुरते होते असे मात्र नव्हे. १९९८ मध्ये ल्युकासआर्ट्स कंपनीचा 'ग्रिम फँडँगो' हा टिम शेफर यांचा खेळ आला. मेक्सिकोतील मृतांच्या सणावर त्याची कथा रचलेली आहे. आमच्या घरांतूनही २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात, त्यामुळे त्या सांगाड्यांच्या नगरीत मला परके वाटले नाही. त्या खेळात एका ठिकाणी कथानायक माल उचलण्याची फोर्कलिफ्ट गाडी घेऊन उद्वाहकात शिरतो, आणि उद्वाहक चालू असताना नेमक्या क्षणी गाडी पुढे दामटून त्याला मध्येच अडवितो. यंत्रांची गती वाढली तसा तो उद्वाहक इतक्या त्वरेने जाऊ लागला की गाडी पुढे सरकण्यापूर्वी मजला येऊन जाई. कोडे अवघड नव्हते. ते सुटणेच अशक्य झाले होते. पुढे त्यावर दुरुस्ती निघाली, आणि २०१५ मध्ये डबल फाइन कंपनीने खेळाची नवी आवृत्तीही काढली. परंतु मधल्या काळात किती मुले त्या उद्वाहकात स्वतःला मूर्ख म्हणवून घेत बसली असतील, याचा विचार माझ्या मनात येतो. कोडे घालणारा खेळ बिघडला तर तो बिघडला आहे हे खेळणाऱ्याला कळत नाही. आपल्यालाच जमत नाही असे तो समजतो. धावण्याचा खेळ भलताच वेगाने पळू लागला तर कोणीही ओळखील; साहसखेळात मात्र बिघाड आणि कोडे यांचा चेहरा एकच असतो.

मग यावर उपाय काय? पहिला उपाय 'मो-स्लो' नावाच्या कार्यक्रमासारखा, म्हणजे यंत्राला मध्येमध्ये निरुद्योगी करून त्याचा वेळ खावयाचा. याने गती खाली येते, पण चाल गचके खात येते. उतारावर ब्रेक दाबीत नेलेल्या एस.टी.सारखी. दुसरा उपाय डॉसबॉक्स. हा कार्यक्रम २००२ पासून उपलब्ध आहे. तो आजच्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचे सोंग उभे करतो. खेळाला वाटते की आपण जुन्याच घरी आहोत. एका मिलिसेकंदात किती आज्ञा पाळावयाच्या हे त्यात आकड्याने सांगता येते, आणि कंट्रोल कळीबरोबर एफ-११ किंवा एफ-१२ दाबून तो आकडा खेळ चालू असतानाच खालीवर करता येतो. सुमारे ३०० हा आकडा आयबीएमच्या पहिल्या यंत्राच्या जवळ जातो. तिसरा उपाय स्कमव्हीएम, २००१ मध्ये सुरू झालेला. त्याची रीत मुळातच निराळी. हे साहसखेळ बहुधा दोन भागांत असत : कथेची संहिता वेगळी आणि ती वाचून दाखविणारा कार्यक्रम वेगळा. स्कमव्हीएमच्या मंडळींनी तो वाचकच नव्याने लिहिला, खऱ्या घड्याळाला बांधून. कीर्तनाची संहिता तीच, बुवा नवे, आणि ताल सोडणारे नव्हेत. जेथे एखाद्या खेळाला यंत्राची परीक्षा घेण्याची खोड आहे तेथे हे बुवा त्याला अपेक्षित उत्तर देऊन वाटेला लावतात. जो खेळ स्कमव्हीएमला ठाऊक आहे तो त्यावरच चालवावा, असे माझे मत आहे.

परंतु आमचा खेळ स्कमव्हीएमला ठाऊक नव्हता. तेव्हा डॉसबॉक्स आले, आणि त्याबरोबर एक प्रश्न आला ज्याचे उत्तर कोठल्याही माहितीपुस्तकात नाही. आकडा खालीवर करता येतो हे ठीक. पण बरोबर आकडा कोणता? १९७८ मध्ये जपानात तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ केला. त्यात शत्रूंची रांग सावकाश खाली उतरते. एकेक शत्रू मारला जाईल तसतसे उरलेले अधिकाधिक वेगाने येतात. हे निशिकादोंनी आधी योजिलेले नव्हते. पडद्यावर चित्रे कमी झाली की यंत्राचा भार हलका होई आणि उरलेली चित्रे भराभर हलत. त्यांनी ते तसेच ठेवले, आणि त्या खेळाची सारी धडधड तेथेच आहे. त्याची गती कोणी 'दुरुस्त' केली तर खेळ मेला. तेव्हा यंत्राचा मंदपणा हा नेहमी काढून टाकण्याजोगा दोष असतो असे नाही. काही वेळा तो रचनेचाच भाग होऊन बसतो, आणि त्याची मोजदाद कोणी लिहून ठेवलेली नसते.

दादा आता कॅनडात असतो. त्या फ्लॉपीवरील खेळ त्याने एका यंत्रावरून दुसऱ्यावर असा जपत नेला होता. अडगळीतील ते बटण पाहिल्यावर मी त्याला कळविले, त्याने खेळ मला पाठविला, आणि एका रविवारी, माझी संध्याकाळ व त्याची सकाळ असताना, आम्ही दूरदृश्य संभाषणावर बसलो. खेळ माझ्या यंत्रावर, पडदा त्याला दिसेल असा. आरंभी आकडा ३००० होता. दादा म्हणाला, "फार जलद आहे." मी म्हटले, "असाच होता." तो म्हणाला, "कथानायक जिना चढेपर्यंत मामांचे हिशेबाचे एक पान उलटत असे, तुला आठवत नाही." मला आठवत नव्हते, माझ्या आठवणीत सारे भराभर घडत होते, कारण मी लहान होते आणि टंकताना माझी तारांबळ उडत असे. दोघांची स्मृती दोन दिशांना ओढत होती, आणि १९९८ सालचे भांडण पुन्हा सुरू होण्याची चिन्हे दिसू लागली.

तेव्हा मला वही आठवली. ती आईच्या ट्रंकेत होती. पाने पिवळी पडली होती, पण दादाची ओळ स्वच्छ होती : 'रखवालदाराची पाठ – ३ नमो मारिया.' आम्ही पुलापाशी गेलो. रखवालदाराने पाठ फिरविली आणि मी म्हणू लागले. ३००० या आकड्यावर एक प्रार्थनाही पुरी झाली नाही. आकडा ३०० वर आणला. नऊ झाल्या आणि दादाने कंटाळून कॉफी आणली. मग हळूहळू वर चढवीत गेलो, आणि ९०० च्या आसपास तिसऱ्या प्रार्थनेच्या अखेरच्या शब्दाला रखवालदार वळला. दादाने शंका काढली की लहानपणी आपण जरा घाईने म्हणत असू. मी म्हटले, आजी बसलेली असताना? घाई चालत नसे. तिने आम्हां सर्वांना एका लयीत बांधले होते. त्या घरातून बाहेर पडलेला कोणीही ती प्रार्थना आजही त्याच लयीत म्हणतो, आणि दादाने कॅनडातून म्हणून दाखविली ती माझ्या बरोबरच संपली. आकडा ९०० ठरला.

आता माझी बोटे अडखळत नाहीत. पाठ फिरताच कथानायक पुलाच्या टोकाला गेला, दुसरी प्रार्थना चालू असतानाच मी फाटकाची आज्ञा टंकली, फाटक उघडले, आणि तीस वर्षांहून अधिक काळ न पाहिलेले पलीकडचे चित्र पडद्यावर आले. तेथे एक नदी होती, नदीवर नावाडी होता, आणि तो एक चांदीचे नाणे मागत होता.

ते नाणे आम्ही पहिल्याच चित्रातील विहिरीत ठेवून आलो होतो. दादा म्हणाला, वहीत तसे लिहिलेले आहे काय पाहा. पाहिले, तळाशी माझ्याच अक्षरात होते : 'नाणे नको. जड आहे.' येत्या रविवारी पुन्हा विहिरीपासून सुरुवात करावयाची आहे.